चिंधीचं काय करायचं

चिंधी चावली त्याच्या अकराव्या दिवशी रविवार होता आणि अक्का येणार होती. दादाला हे चांगलं माहीत होतं, तरी सकाळी उठल्या उठल्या त्यानं एका गिऱ्हाइकाच्या आरामखुर्चीची पाठ उसवायला घेतली. रविवारी दुकान बंद असे. पण बंद दुकानाच्या मागच्या खोलीत काम करण्यापासून दादाला आजवर कुणी अडवलं नव्हतं. चोपन्न वर्षांच्या बिनलग्नाच्या माणसाला अडवायचं तरी कुणी?

खोली लांबट होती. मधोमध कापायचं टेबल, बारा फुटी. त्यावर एका वेळी अख्ख्या सोफ्याचं कापड पसरता येई. भिंतीवर खिळ्यांना कात्र्या, दाभणं, सुतळीची रिळं. कोपऱ्यात फोमच्या तुकड्यांचं पोतं, आता तोंड घट्ट आवळून ठेवलेलं. आणि टेबलाच्या खिडकीकडच्या पायाला बांधलेली चिंधी. वय साडेचार महिने, रंग जुन्या गोणपाटाचा, एक कान उभा आणि एक पडलेला; दोन वेगळ्या कुत्र्यांसाठी बेतलेले कान उरले म्हणून हिला लावून टाकल्यासारखे.

निघाली होती तीही एका सोफ्यातूनच. कुणाच्या तरी पडवीत बरेच दिवस पडून असलेला तो सोफा दुरुस्तीला आला, दादानं खालचं गोणपाट फाडलं, आणि काथ्याबरोबर मूठभर पिल्लू त्याच्या मांडीवर पडलं. त्यानं गिऱ्हाइकाला फोन केला. "आमचं नाही ते," गिऱ्हाईक म्हणालं, "सोफा मात्र आमचा आहे, लवकर द्या." सोफा गेला, पिल्लू राहिलं. भावाच्या पाच वर्षांच्या मुलीनं, खारूनं, तिचं नाव चिंधी ठेवलं. आणि त्याच खारूच्या हाताला, अंगठ्याच्या खाली, चिंधी परवाच्या नव्हे त्याच्या आधीच्या बुधवारी संध्याकाळी चावली होती. दोन दात, खोल.

दादानं नळाखाली साबण लावून तो हात पंधरा मिनिटं धुतला होता. खारू रडत होती, आणि दादा सुतळी ओढून ओढून राठ झालेल्या हातांनी तिचं मनगट धरून होता. मग भाऊ तिला घेऊन हॉस्पिटलात पळाला. खारूच्या तीन सुया झाल्या, अजून बाकी होत्या. चिंधीला आधीच लस टोचलेली होती, तरी डॉक्टरांनी सांगितलं, दहा दिवस कुत्रीवर नजर ठेवा, ती ठणठणीत राहिली तर काळजी मिटली, सुया मात्र सगळ्या घ्यायच्या. त्यामुळे घरानं निर्णयाचं घोंगडं दहा दिवस भिजत ठेवलं. दहा दिवस काल संपले. चिंधी ठणठणीत होती. आता घोंगडं पिळायला हवं होतं.

जिन्यावर पावलं वाजली. खारू खाली येत होती, पण तळाशी न येता तिसऱ्या पायरीवर थांबली आणि तिथंच बसली. पूर्वी ती थेट टेबलाखाली घुसायची.

"बांधलीय ना?"

"बांधलीय."

"गाठ कसली?"

"दुहेरी. बघ, हत्ती ओढून दमेल."

खारूनं गाठीकडे लांबूनच बघितलं. हाताची पट्टी कालच सुटली होती. तिथं दोन लालसर ठिपके होते. तिनं दोन्ही पाय पायरीवर वर ओढून घेतले. दहा दिवस घरात कुणीच तिला त्या संध्याकाळबद्दल विचारलं नव्हतं. उगाच आठवण नको, म्हणून. तिनं शेपूट ओढलं असणार, असं सगळ्यांनी धरून चाललं होतं.

दादानं हातातली पक्कड ठेवली. "खारू, त्या दिवशी टेबलाखाली तू काय करत होतीस गं?"

"काढत होते."

"काय काढत होतीस?"

"फोम. ती खात होती. तू म्हणालास ना, फोम पोटात गेला तर ती मरेल? मग मी तोंडात हात घातला आणि काढला. तू काढतोस तसा."

ती हे फिर्याद म्हणून सांगत नव्हती. काय झालं ते सांगत होती, इतकंच. पण दादा हातातलं काम विसरून बसला. दिवसातून दहादा तो चिंधीच्या जबड्यात बोटं घालून फोमचे तुकडे ओढून काढत असे, आणि चिंधी गुरगुरली की हसून म्हणत असे, "आली मोठी वाघीण!" दहादा खारू ते बघत असे. त्याच्या राठ बोटांना ते दात कधी लागलेच नव्हते.

"मी चुकले का?" खारूनं विचारलं.

"नाही," दादा म्हणाला. "तू नाही चुकलीस."

अक्का साडेअकराला आली. भावंडांत सगळ्यांत मोठी, निवृत्त मुख्याध्यापिका. शाळा सोडून सहा वर्षं झाली तरी ती दारात उभी राहिली की धाकटा भाऊ अजून पाठ ताठ करायचा. तिनं आईच्या पायाला वात आलाय का ते विचारलं, खारूचा हात उजेडात धरून तपासला, भावजयीला "वाळलीस" म्हणाली, आणि मग पर्स उघडून एक चिठ्ठी काढली.

"माझा जुना विद्यार्थी आहे. रोपवाटिका चालवतो. मोठी जागा, चारी बाजूंनी तारेचं कुंपण. त्याला राखणीला कुत्रं हवंच होतं. मुलगा सालस आहे, कुत्र्याला उपाशी ठेवणार नाही. आज चार वाजता टेम्पो घेऊन येतोय."

"आज?" भाऊ म्हणाला.

"मग कधी? दहा दिवस झाले ना? शुभस्य शीघ्रम्."

"अक्का, पण आधी बोलू तरी—"

"बोलू की. चारपर्यंत बोलू."

भावजयीनं चिठ्ठी वाचून परत अक्काच्या हातात दिली. ती हॉस्पिटलच्या लॅबमध्ये कामाला होती. दिवसभर लोकांचं रक्त काढायची, आणि घरी आल्यावर बोलणंही मोजून बाटलीत भरल्यासारखं बोलायची. गेल्या दहा दिवसांत ती दादाशी "पाणी तापलंय" आणि "चहा ठेवलाय" यापलीकडे बोलली नव्हती. साहजिक आहे, असं दादा स्वतःला सांगत होता. लेक तिची आहे. त्यानंही मग वर जेवायला जाणं सोडलं होतं. ताट खाली मागवायचा, चिंधीवर लक्ष ठेवायचं निमित्त होतंच.

रविवारी अक्का आली की सगळे खालीच, कापायच्या टेबलावर जेवत. वरच्या स्वयंपाकघरात सहा माणसं मावत नसत. भावजय वर गेली, खारू तिच्या मागोमाग. दादा टेबलावर अंथरायला जुनं मेणकापड शोधत ताग्यांच्या खोलीत शिरला. ही खोली म्हणजे पुढच्या दुकानाच्या पाठीला लावलेला पत्र्याचा आडोसा. दुकानात सुई पडली तरी इथं ऐकू यायची. दुकानात आई, अक्का आणि भाऊ बसले होते.

"तू बाप आहेस का कोण आहेस रे?" अक्काचा आवाज. "पोरीला चावलंय ते. आणि तू म्हणतोस, राहू दे?"

"मला काय कुत्र्याचं प्रेम आहे?" भाऊ आवाज खाली आणून म्हणाला. "मी दादासाठी म्हणतोय. त्याचं दुसरं कोण आहे सांग? ना बायको, ना पोर. सकाळपासून रात्रीपर्यंत खिळे आणि सुतळी. ते पिल्लू आल्यापासून माणूस गुणगुणायला लागलाय. तेवढंच त्याला."

"हं," अक्का म्हणाली. तिचाही आवाज मऊ झाला. "ते आहे खरं. बिचारा."

"बिचारा म्हणू नका त्याला," आई म्हणाली. "ऐकलं तर आवडायचं नाही."

दादानं ऐकलं होतं. मेणकापडाची गुंडाळी छातीशी धरून तो ताग्यांच्या मध्ये उभा होता. रागवावं असं कुणी काही बोललं नव्हतं. भाऊ तर त्याच्याच बाजूनं बोलत होता. पण दादाच्या कानशिलांपाशी गरम झालं. वडील गेले तेव्हा भाऊ अकरावीत होता. दुकान दादानं सांभाळलं, भावाला शिकवलं, बहिणीच्या अडीअडचणीला धावला, आणि यातलं काहीच त्यानं मन मारून केलं नव्हतं. त्याला हे आयुष्य आवडत होतं. फाटकी, खचलेली, स्प्रिंगा बाहेर आलेली वस्तू आत घ्यायची आणि बसावंसं वाटेल अशी बाहेर काढायची, याहून बरं काम त्याला माहीत नव्हतं. आणि घरच्यांनी मात्र इतकी वर्षं त्याला मनातल्या मनात 'बिचारा' म्हणून कोपऱ्यात ठेवलं होतं तर!

'तेवढंच त्याला' म्हणून टाकलेला तुकडा आपल्याला नको, असं त्यानं तिथल्या तिथं ठरवलं.

जेवण साधंच होतं, पण भरपूर. बटाटे, भात, ताजी काकडी, आणि अक्कानं आणलेली केळी. खारू आईला खेटून बसली, खुर्चीवर मांडी घालून. चिंधी खिडकीपाशी दोरीच्या टोकाला पडून सगळ्यांच्या तोंडांकडे आळीपाळीनं बघत होती.

"तर मग," अक्का म्हणाली.

"टेम्पो येऊ दे," दादा म्हणाला. "घेऊन जाऊ दे तिला."

भावाचा घास हातातच राहिला. "दादा?"

"चावकं जनावर लेकराच्या घरात नको. अक्का बरोबर बोलतेय. विषय संपला. मीठ दे."

मीठ कुणीच दिलं नाही. अक्काला खरं तर जिंकल्याचा आनंद व्हायला हवा होता, पण तयारी करून आलेलं भाषण न म्हणताच बक्षीस मिळाल्यासारखी ती गोंधळली. "अरे, तसं नाही," ती म्हणाली, "तुझा जीव आहे तिच्यावर, माहिताय मला. मी काय म्हणते, तुला अगदीच करमणार नसेल तर—"

"मला न करमायला काय झालंय?" दादाचा आवाज चढला. "मी काय पोर आहे? माझ्यावर कुणी उपकार करायचे नाहीत. कुत्रं जाणार."

"थांबा," भावजय म्हणाली.

तिनं ताट बाजूला सारलं, हात पुसले. "दादा, हा राग कुणावरचा आहे?"

"राग कसला?"

"कुणाचा तरी राग चिंधीवर काढताय. मला रोज दिसतात अशी माणसं. नात्यातल्या कुणावर तरी चिडून येतात आणि सुई जोरात टोचली म्हणून माझ्यावर ओरडतात." ती एका दमात एवढं बोलल्याचं दादाला आठवत नव्हतं. "आणि सगळ्यांनी निर्णय घेतला. अक्कांनी टेम्पो ठरवला, ह्यांनी तुमच्यासाठी ठेवून घ्यायचं ठरवलं, तुम्ही पाठवायचं ठरवलं. चावली कुणाच्या मुलीला? मला विचारलं कुणी?"

"अगं, तू तर दहा दिवस बोललीच नाहीस," भाऊ म्हणाला.

"मी नाही बोलले? दादाच खाली ताट मागवून जेवत होते! रोज पाच जणांची पानं घ्यायची, आणि एक पान उचलून खाली पाठवायचं. मला वाटलं, दादा माझ्यावर रागावलेत. मी त्या रात्री हॉस्पिटलातून आल्यावर ओरडले होते ना, कुणी लक्ष ठेवत नव्हतं का म्हणून."

"मला वाटलं, तू रागावलीयस," दादा म्हणाला.

"होतेच रागावलेली! दोन दिवस. मग राग गेला. तुम्ही वर आला असतात तर कळलं असतं."

आई एका कानानं कमी ऐकायची, पण हवं ते सगळं तिच्या दुसऱ्या कानात बरोबर पोचायचं. तिनं केळं सोलता सोलता म्हटलं, "आपलेच दात, आपलेच ओठ. चावायचंच कधी तरी. हा धाकटा चार वर्षांचा होता तेव्हा अक्काच्या दंडाला असा चावला होता की आठ दिवस हिला बाहीचं पोलकं घालता येईना. दाखव गं वण."

"आई!" अक्का म्हणाली.

"त्याला कुठं रोपवाटिकेत पाठवला होता आपण?"

"पाठवला असता," अक्का म्हणाली, "पण घेणार कोण?"

सगळे हसले, भाऊ सगळ्यांत मोठ्यानं. खारूला तर हसू आवरेना. तिनं बापाच्या दातांकडे नव्या आदरानं बघितलं. मग अक्कानं खरंच बाही वर केली, आणि खारूनं ती पुसट चंद्रकोर बोट लावून पाहिली आणि शेजारी आपला हात धरला. "माझे दोनच आहेत," ती म्हणाली.

हसणं ओसरल्यावर दादा म्हणाला, "मला एक सांगायचंय." त्याला अशा सभेत बोलायची सवय नव्हती. बोलताना त्यानं समोरच्या मेणकापडाची सुरकुती अंगठ्यानं दाबून दाबून सपाट केली. "खारूनं खोडी काढली नव्हती. चिंधी फोम खात होती, ती तो काढायला गेली. तोंडात हात घालून. ते तिनं माझं बघून केलं. आणि चिंधीनंही माझ्यामुळेच केलं. मी रोज तिच्या तोंडातला घास ओढायचो, ती गुरगुरली की हसायचो. तिला वाटत असणार, हे असंच असतं. दोघींनाही मी शिकवलं. तेव्हा चावली चिंधी, पण चूक माझी आहे."

भावजय त्याच्याकडे बघत राहिली. मग तिनं खारूकडे बघितलं. "खरं?"

"मी तिला वाचवत होते," खारू म्हणाली.

भावजयीनं लेकीच्या केसांतून हात फिरवला. मग उठली, खुंटीवरची आपली पिशवी आणली आणि तीतून एक घडी घातलेला कागद काढला.

"मी मंगळवारी दुपारच्या सुट्टीत जनावरांच्या डॉक्टरांकडे गेले होते," ती म्हणाली. "मला त्यांच्याकडून एकच ऐकायचं होतं, की हे कुत्रं काढून टाका. म्हणजे मी तसं घरात सांगणार होते. ते म्हणाले, आईपासून लवकर तुटलेलं पिल्लू आहे, दात येताहेत, किती चावायचं ते त्याला कुणी शिकवलेलं नाही. शिकवता येतं, कसं ते यात लिहून दिलंय. पण शिकवायला घरातलं एक माणूस रोज वेळ देणारं पाहिजे, आणि बाकीच्यांनी त्या माणसाचं ऐकलं पाहिजे. तोंडातलं काही ओढायचं नाही, बदल्यात दुसरं द्यायचं. खाताना जवळ जायचं नाही. आणि मूल आणि कुत्रं मोठ्या माणसाशिवाय एका खोलीत कधीच नाही. कधीच नाही, म्हणजे फोन आला म्हणून दोन मिनिटंसुद्धा नाही."

"म्हणजे तुला ठेवायचीय?" भावानं विचारलं.

"मला माझ्या मुलीचा हात धड हवाय. तो कसा राहील ते दादा सांगतील. सोफा आला की आधी बघता ना, सांगाडा चांगला आहे का? चांगला असेल तर हात लावता, कुजका असेल तर परत पाठवता. तसं बघून सांगा. आणि दया-माया म्हणून नको, रागानं पण नको."

दादानं चिंधीकडे बघितलं. चिंधीनं शेपूट जमिनीवर दोनदा आपटलं. तो उगाच घाईनं बोलला नाही. खुर्चीच्या सांगाड्यावर बोटांनी टकटक करून आवाज ऐकावा तसा बराच वेळ घेतला.

"सांगाडा चांगला आहे," तो म्हणाला.

"आणि तुम्हाला हवीय का ती?"

"म्हणजे काय—"

"हो की नाही. तुम्ही या घरात कधीच सांगत नाही. कोपऱ्यातला तुकडा खाता, पंख्याखालची जागा दुसऱ्याला देता. म्हणून मग सगळे तुमच्या वतीनं ठरवत बसतात. तुम्हाला करमणार नाही म्हणून नको. नुसती हवीय का?"

चोपन्न वर्षांत दादानं किती जणांना काय काय हवंय ते विचारलं होतं! रंग कुठला, कापड कुठलं, बैठक मऊ की घट्ट. उलटा प्रश्न त्याला कुणी केला नव्हता. किंवा केला असेल आणि त्यानं 'चालेल काहीही' म्हणून टाळला असेल.

"हवीय," तो म्हणाला. मग पुन्हा, जरा मोठ्यानं, "मला चिंधी हवीय."

"हं. झालं," आई म्हणाली, आणि केळ्याचा शेवटचा तुकडा तोंडात टाकला.

पण झालं नव्हतं. "मला नकोय," खारू म्हणाली.

अक्का काही तरी समजावणीचं बोलणार होती, पण भावजयीनं डोळ्यांनी तिला थांबवलं.

"मला ती आत्ता नकोय," खारू विचार करत म्हणाली. "जवळ नकोय. पण टेम्पोत पण नको. तिकडं तिला कुणी ओळखत नाही."

"मग कुठं ठेवू?" दादानं विचारलं. अगदी गिऱ्हाइकाला विचारतात तसं.

खारूनं खोलीभर नजर फिरवली. "तिथं," ती खिडकीकडच्या अर्ध्या भागाकडे बोट दाखवत म्हणाली. "आणि मध्ये काही तरी घाल. मला ती दिसली पाहिजे, पण तिला उडी मारता नाही आली पाहिजे."

"किती उंच?"

खारू खुर्चीवरून उतरून उभी राहिली आणि आपल्या छातीपाशी हात धरला. दादानं खिशातला टेप काढून जमिनीपासून तिच्या हातापर्यंतचं माप घेतलं आणि कानामागच्या पेन्सिलीनं मेणकापडावर लिहून ठेवलं.

चार वाजता रोपवाटिकावाला आला. चाळिशीचा माणूस, पण अक्कासमोर हात मागे बांधून उभा राहिला. अक्कानं आयुष्यात कुणाला दिलेला शब्द मोडला नव्हता, त्यामुळे ती सुरुवात कुठून करावी या विचारात असतानाच पुढचं चिंधीनं पाहून घेतलं. दादा तिची गाठ तपासत होता, पाहुणा कौतुकानं खाली वाकला, आणि त्याच्या खांद्यावरच्या पिशवीचा पट्टा चिंधीनं बघता बघता चघळून उसवला.

"बाई," तो पट्टा सोडवत म्हणाला, "माझ्याकडे सगळी कोवळी रोपं असतात हो. ही एका रात्रीत फडशा पाडेल."

"तेच म्हणत होते मी," अक्का त्याच श्वासात म्हणाली. "तुझ्या कामाची नाही ही. शिकवून सवरून जरा मोठी झाली की बघू. आता आलाच आहेस तर चहा घे, आणि टेम्पोत काय काय आहे ते दाखव."

जाताना तो दुकानाच्या दारात चार कुंड्या ठेवून गेला आणि अक्कानं त्या आपल्याकडून आईला म्हणून जाहीर केल्या. त्याच्या पिशवीचा पट्टा दादानं चहा होईस्तोवर दुहेरी दोऱ्यानं शिवून दिला.

मग खोलीत मध्ये आड घालायला फळी बसवायचं काम निघालं. जुन्या पलंगाच्या दोन फळ्या होत्या. भावानं करवत धरली, अक्का टेप धरून उभी राहिली आणि दोघांनाही वेडंवाकडं कापल्याबद्दल बोलत राहिली. मधेच भाऊ फळी दाबून धरता धरता हळूच म्हणाला, "दादा, तू आत होतास का रे? ताग्यांच्या खोलीत?"

"होतो."

भावानं फळीवरचा हात काढला. करवतीचा भुसा त्याच्या भुवयांवर बसला होता. "मी वाईट मनानं नाही बोललो."

"माहिताय मला. पण एक लक्षात ठेव. माझं बरं चाललंय. काही लागलं तर मी मागेन."

"तू? मागशील?"

"मागेन. हे बघ, आत्ताच मागतो. तुझ्याकडचा तो पितळी कोयंडा दे, या फळीच्या दाराला हवाय."

कोयंडा भावानं आपल्या कपाटासाठी हौसेनं आणून ठेवला होता. तो क्षणभर घुटमळला, आणि मग हसत वर जाऊन घेऊन आला.

सहाच्या सुमारास अक्का निघाली. भाऊ आणि भावजय तिला बसपर्यंत पोचवायला गेले. आई कुंड्यांपाशी खुर्ची टाकून बसली. दादा फळीला कानस मारत होता, कुठं कुसळ राहायला नको म्हणून. पलीकडे चिंधी, दोरी सोडलेली, एका जुन्या चामड्याच्या तुकड्याशी झुंजत होती. दादानं मघाशी पहिल्यांदाच तो तिच्या तोंडातून न ओढता बदल्यात बिस्कीट दाखवून घेतला होता, आणि परत दिला होता. चिंधीला तो व्यवहार एवढा पसंत पडला की तेव्हापासून ती तुकडा आणून फळीपाशी ठेवत होती आणि बिस्किटाची वाट बघत होती.

खारू जिना उतरून आली. खोलीच्या मधोमध आली आणि कोयंडा नीट लागलाय का ते तिनं दोनदा ओढून पाहिलं.

"मोठेकाका, ती मला सॉरी म्हणणार का?"

"तिला नाही येत म्हणायला."

"मग?"

दादानं कानस खाली ठेवली आणि तिच्या उंचीला येईल असा उकिडवा बसला. "मी म्हणतो. तिचं नाही, माझं. मी तुला चुकीचं करून दाखवलं, म्हणून तुला लागलं. सॉरी."

खारूनं यावर विचार केला. घाई केली नाही. दादानंही केली नाही.

"ठीक आहे," ती शेवटी म्हणाली. "तुझं झालं. तिचं अजून नाही झालं."

"नसू दे."

"उद्या शाळेतून आल्यावर मी इथं बसू? फळीच्या या बाजूला? नुसतं बघायला?"

"बस की. मी असेनच," दादा म्हणाला, आणि तिच्या मापाचं स्टूल कुठं सापडतंय का ते बघायला उठला. स्टूल मिळालं, पण बैठक फाटलेली होती. मग त्यानं दिवा लावला, निळ्या कापडाचा एक चांगला तुकडा काढला, आणि खारूला विचारलं, "मऊ हवी की घट्ट?"